मरून पट्ट्याचं विमान

अकोला, १२ डिसेंबर २०२४

ती. मंजुषाआत्या,

पाया पडतो. पत्र होस्टेलच्या पत्त्यावर आलेलं बघून घाबरू नको, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या मोबाइलवरच लिहिलं असतं, पण तुला कमी ऐकू यायला लागल्यापासून तो मोबाइल प्राजक्ताच्याच हातात असतो, आणि ही गोष्ट तिच्यापासून लपवायची आहे. तिच्या लग्नातली भेट आहे.

साक्षगंधाला मी आणि जावईबापू कोपऱ्यात काय बोलत बसलो होतो असं तू विचारलं होतंस ना? विमानं. रोहितरावांनाही माझ्यासारखाच संगणकावर विमान उडवायचा नाद आहे. हा पोरांचा खेळ नाही, आत्या. त्यात खरी धावपट्टी, खरं वारं, खरी घड्याळं. आपली शिवणीची पट्टी आहे, तुमचं बेलोराही आहे. आणि यात माझं काम रंगाऱ्याचं. विमान कोणीतरी बनवून ठेवलेलं असतं, त्याचा रंग, पट्टे, नावं मी काढतो. विमानाची कातडी पडद्यावर सपाट उलगडलेली असते, शिंप्यानं ब्लाउजचे तुकडे कापून ठेवावे तशी. त्यावर रंगवायचं आणि परत चढवायचं. याला लिव्हरी म्हणतात. जगभरचे लोक ती फुकट उतरवून घेतात. दिवसभर धर्मेंद्रभाऊंच्या दुकानात वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स करायचे, आणि घरी येऊन हे. बाबा म्हणतात, तिथंही रंग, इथंही रंग, पण होळी काही सुटत नाही.

तर माझ्या मनात असं आहे की मामाजी, म्हणजे प्राजक्ताचे बाबा, ज्या सर्व्हे कंपनीत इंजिनिअर होते तिचं ते दोन इंजिनांचं जुनं डकोटा विमान मी हुबेहूब रंगवावं आणि खिडकीखाली मामाजींचं नाव टाकावं. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही हे मला माहीत आहे. पण पोरीकडे बापाचं काहीतरी असावं असं वाटलं. तुझ्याकडे विमानाचा फोटो असेल तर पाठवशील का? रंग आठवत असतील तर तेही लिही.

तुझा भाचा,
कुलदीप

&nbsp;

अमरावती, १७ डिसेंबर २०२४

चि. कुलदीप,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग दार लावून परत वाचलं. डकोटा म्हणे. आपल्याकडे खटारा गाडीला डकोटा म्हणतात ते उगीच नाही. शिवणीच्या पट्टीवर ते उभं असायचं तेव्हा त्याच्याखाली कायम ऑइलचं थारोळं.

फोटो एकच सापडला, तोही काळापांढरा. कंपनीच्या साहेबानं काढलेला. विमान उजव्या बाजूनं दिसतं आणि शेजारी तुझे मामाजी उभे आहेत. पांढरं विमान, त्यावर लांब हिरवा पट्टा, असं मला आठवतं.

आता नीट ऐक, कारण हे आपल्या घरात तुझ्या बापाशिवाय कोणाला ठाऊक नाही. तुला एवढंच माहीत असेल की मामाजी गेले. ते मेले नाहीत. कंपनी बुडाली, विमान मोंबासाच्या माणसानं विकत घेतलं आणि ते विमानाबरोबर सहा महिन्यांसाठी म्हणून गेले. दीड-दोन वर्षं पत्रं आली, मग बंद. प्राजू तेव्हा नुकतं बोलायला लागलेली. बाळापूरला सासरच्या गल्लीत रोज कोणीतरी विचारायचं, काय खबर. त्या विचारण्याला कंटाळून मी अमरावतीला या होस्टेलवर नोकरीला आले आणि पहिल्याच दिवशी रेक्टरबाईंना सांगितलं, मालक वारले. त्या दिवशी सकाळी आरशासमोर उभं राहून मी माझ्या हातानं टिकली काढली होती. नवरा टाकून गेला हे सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं. टाकलेल्या बाईकडे लोक ज्या नजरेनं बघतात ती मला नको होती.

प्राजूलाही तेच सांगितलं. मूर्तिजापूरच्या व्याह्यांना, शेषराव आणि पार्बताबाईंनाही तेच सांगितलं आहे. साधी, पण फार काटेकोर माणसं आहेत. सोयरीक खोट्यावर जुळवली असं कळलं तर ते काय करतील याचा विचारही करवत नाही. तेव्हा विमान रंगव, पण नावाआधी कै. लिही. पत्रिका तुमच्याच दुकानात छापायची आहे, तिच्यातही कैलासवासीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. फोटो जपून परत कर.

तुझी आत्या

&nbsp;

अकोला, ६ जानेवारी २०२५

ती. आत्या,

फोटो सोबत परत पाठवतो आहे. तुझं पत्र वाचून जाळून टाकलं.

विमान झालं. फार देखणं झालं असं लोक म्हणतात. मी ते नेहमीच्या जागी सगळ्यांसाठी ठेवलं, सवयीनं. तसं करायला नको होतं असं आता वाटतं आहे. रोहितरावांनीही तिथूनच उतरवून घेतलं आणि मला अंगठा पाठवला. कै. गोवर्धन गावंडे हे नाव खिडकीखाली आहे, अगदी फ्लेक्सवर टाकतो त्याच अक्षरात.

आता तुला एक विचारायचं आहे, उगीच काळजी करू नकोस. विमानाखाली लोक अभिप्राय लिहितात. त्यात एकानं लिहिलं आहे की पट्टा हिरवा नव्हता, मरून होता. आणि डाव्या इंजिनाचं झाकण दुसऱ्या विमानाचं बसवलेलं होतं, ते कधी रंगवलंच नाही, नुसता पत्रा चमकायचा. फोटोत डावं इंजिन दिसत नाही, त्यामुळे मला पडताळता येत नाही. कंपनीत आणखी कोण कोण होतं? अजून कोणी हयात आहे का? असेल कोणी जुना माणूस. मला फक्त रंग नीट करायचा आहे.

कुलदीप

&nbsp;

अमरावती, ९ जानेवारी २०२५

कुलदीप,

तुला रंग नीट करायचा आहे आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे.

ते झाकण मला आठवतं. हैदराबादच्या भंगारातून आणलं होतं. ते बसवताना यांचे दोन्ही हात कापले होते आणि मी हळद भरली होती. रंग संपला म्हणून तसंच ठेवलं, आणि नंतर त्याला रंग लावायला ते कोणाला हात लावू देईनात, म्हणे असूदे, दुरून ओळखू येतं. कंपनीत माणसं होतीच किती? साहेब तर मागेच वारले, पेपरात वाचलं होतं. पायलट दर सहा महिन्यांनी बदलायचे, त्यांना झाकणाशी काय घेणं. आणि पट्टा मरूनच होता रे. तू लिहिलंस आणि मला लख्ख दिसला. इतकी वर्षं मी त्याला हिरवा का म्हणत होते कोण जाणे.

तू माझ्यापासून काहीतरी लपवतो आहेस. लहानपणी आंबे चोरलेस की अशीच 'काळजी करू नकोस'ची पालुपदं लावायचास. तो माणूस कोण आहे? काय नाव लिहितो? कोणत्या भाषेत लिहितो? आणि ते विमान आजच्या आज तिथून काढून टाक. रोहितराव तिथंच ये-जा करतात ना? त्यांनी तो अभिप्राय वाचला तर?

दोन दिवस झाले, जेवण जात नाही. होस्टेलच्या पोरी विचारतात, बाई, बरं नाही का. प्राजू शालूचे रंग दाखवते आणि मी मान हलवते. लवकर लिही.

मंजुषाआत्या

&nbsp;

अकोला, १३ जानेवारी २०२५

ती. आत्या,

माझा कान धर, पण वाचून पूर्ण कर.

तो अभिप्राय इंग्रजी अक्षरांत आहे, पण भाषा आपली आहे. अगदी आपली, वऱ्हाडी. "पट्टा हिरवा नव्हता, मरून होता. डाव्या इंजिनाचं झाकण दुसऱ्या विमानाचं होतं, कधी रंगवलंच नाही, नुसता पत्रा चमके. तुमाले हे नाव कुठं भेटलं?" असं लिहिलं आहे. लिहिणाऱ्याचं नाव 'गावंडे जी', आणि ठिकाण मोंबासा. मी तुला सांगितलं नाही, कारण माझीच पाचावर धारण बसली होती. जिवंत माणसाच्या नावापुढे कै. लिहून मी ते जगभर वाटलं होतं.

आणि त्याहून वाईट म्हणजे मी त्यांना उत्तर दिलं. खासगी निरोप पाठवला. "मामाजी, मी कुलदीप, आत्याचा भाचा. माफ करा. आत्या अमरावतीला आहे, सुखरूप आहे. प्राजक्ताचं लग्न वीस फेब्रुवारीला आहे, बडनेरा रोडच्या कार्यालयात." पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तारीख आणि जागाही देऊन बसलो. कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे नात्यातला माणूस म्हटला की हातात आमंत्रण द्यायचंच, तसं माझ्या बोटांनी ते देऊन टाकलं.

त्यांनी वाचलं आहे. तशी खूण दिसते. पण उत्तर नाही. ते तिकीट काढून निघाले असतील का? मी सारखा मोबाइल बघतो. परवा दुकानात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी 'भावपूर्ण' असं टाइप केलं, धर्मेंद्रभाऊंनी छापायच्या आधी पाहिलं म्हणून नोकरी वाचली.

विमान मी काढून टाकलं. पण ज्यांनी उतरवून घेतलं त्यांच्याकडे ते आहेच, रोहितरावांकडेही. त्यांनी अभिप्राय वाचला की नाही ते कळायला मार्ग नाही. पत्रिका छापायची वेळ आली आहे. काय छापू ते कळव. मला काही सुचत नाही.

कुलदीप

&nbsp;

अमरावती, २७ जानेवारी २०२५

चि. कुलदीप,

पत्रिकेत कै. छापू नकोस. 'श्री. गोवर्धन गावंडे यांची कन्या' एवढंच छाप.

तुझं पत्र आलं त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सगळं एकाच चित्रावर येऊन थांबायचं. मांडव भरला आहे, अंतरपाट धरला आहे, आणि दारात ते उभे. मग मी ठरवलं की लोकांनी त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकावं. आधी प्राजूला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मंग पितृपक्षात आपण घास कोणाले ठेवत होतो, आई?" चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, चल, मूर्तिजापूरला मी पण येते.

गाडीत मी देवाचं नाव घेत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. शेषरावांच्या घरी चहा आला. मी कपाला हात न लावता सगळं सांगितलं. तो टाकून गेला, मी खोटं बोलले, तो आता कदाचित येईल. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी त्यांच्या ओठांकडेच बघत होते. रोहितराव खाली बघत होते. त्यांनी तो अभिप्राय वाचला होता, कुलदीप. पंधरा दिवसांपासून त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी घरात चकार शब्द काढला नव्हता. तेही माझ्या सांगण्याचीच वाट पाहत होते असं नंतर प्राजूला म्हणाले.

मग पार्बताबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या देवघरातला करंडा घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाल्या, "जित्ता हाय ना तो? मंग उघडं कपाळ घेऊन माह्या पोराच्या मांडवात येऊ नका." आणि त्यांनी मला कुंकू लावलं. शेषराव म्हणाले, झालं ते झालं, यापुढं खोटं नको.

खरं सांगू? मला आनंद झाला नाही. सुटल्यासारखं वाटलं, पण आनंद नाही. होस्टेलात पोरी कपाळाकडे बघतात. रेक्टरबाईंना सांगताना लाज वाटली. आणि आता नवीनच भीती. ते आले तर मी काय करू? मांडवात शेजारी बसू? पाणी देऊ? थोबाडीत मारू? आले नाहीत तरी मी दाराकडे बघतच राहणार. काही कळलं तर लगेच लिही. प्राजू तुझ्यावर रागावलेली नाही. म्हणते, दादाले विचार, विमान मरून झालं का.

तुझी आत्या

&nbsp;

अकोला, १४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

शेजारचे नत्थुजी मोझरीला आश्रमात चालले आहेत, वाटेत अमरावतीला उतरतील, त्यांच्या हाती हे पत्र देतो. पोस्टात टाकवेना. वाचताना जवळ कोणी नसेल असं बघ.

उत्तर आलं. ते मामाजींचं नाही. तिचं नाव प्रणाली, वय वीसच्या आत. मी तुला त्यातलं जसंच्या तसं उतरवून देतो, माझ्या शब्दांत सांगायची हिंमत नाही.

"दादा, हे खातं बाबांचं आहे, मी वापरते. मी गोवर्धन गावंडेची पोरगी. बाबा तीन वर्सांआधी गेले. किडनीचं होतं. माही आई इथली, गुजराती. बाबा माह्यासंगं याच भाषेत बोलत, म्हणून मले येते. ते विमान इथं मैदानाच्या कडेले पडून हाय, पट्टा अजून दिसते. तुमच्या विमानावर बाबांचं नाव पाहून मले वाटलं, गावाकडचं कोणीतरी त्यायले ओळखते, त्यायले आठवते. खूप खुशी झाली. मंग तुमचा निरोप वाचला. महिनाभर मी कोणाशी बोलली नाही. मले वाटे, माहा बाप फक्त माहा हाय. त्या ताईले सांगू नका असं म्हणत नाही. पण तिचं लग्न हाय."

तिनं विमानाचे रंगीत फोटो पाठवले आहेत. गवतात उभं आहे, चाकं गेली आहेत. डावं झाकण अजून चमकतं.

आत्या, सहा दिवस राहिले आहेत. घरोघरी 'श्री.' छापलेल्या पत्रिका गेल्या आहेत. बाबांना सांगितलेलं नाही. मी जन्मभर गप्प राहू शकतो, तू म्हणशील तर. पण तुझ्यापासून लपवून मांडवात तुझ्यासमोर वावरणं मला जमलं नसतं. मी काही चूक केली असेल तर मला मार.

कुलदीप

&nbsp;

अमरावती, २३ फेब्रुवारी २०२५

चि. कुलदीप,

मांडवात तू माझ्याकडे बघायचं टाळत होतास. वाढायला उभा राहिलास तेव्हा माझ्या पानावर दोनदा भात घातलास. मला तुझ्याशी बोलायचं होतं, पण मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं बोलण्यासारखी ती गोष्ट नव्हती. म्हणून आता लिहिते.

नत्थुजी आले तेव्हा घरात कासारीण बसली होती. बायकांचा घोळका, हसणं-खिदळणं, आणि तिनं माझा डावा हात धरलेला. हिरवा चुडा भरत होती. नत्थुजींनी पत्र दिलं, मी तुझं अक्षर ओळखलं आणि उजव्या हातानंच उघडून वाचलं. जवळ कोणी नसेल असं बघ म्हणतोस, अरे लग्नघरात असा कोपरा कुठून आणू? वाचून झाल्यावर पत्र मांडीखाली घातलं. कासारीण म्हणाली, बाई, दुसरा हात. मी दिला. बांगडी सांध्यात अडली, ती म्हणाली, हात ढिला सोडा, आणि मला तो सोडता येईना.

मेल्याची बातमी कानावर आली की आंघोळ करावी लागते, सुतक लागतं. शेषरावांच्या घरी हे सगळं कडक पाळतात. मी बोलले असते तर लग्न पुढे गेलं असतं, आणि पुढे गेलेलं लग्न पुष्कळदा मोडतं. यापुढं खोटं नको असं त्या घरात कबूल करून आले होते. महिनाही झाला नाही आणि परत तोंड शिवून बसले. पाच दिवस बसले. हळद लावली, घाणा भरला, सवाष्ण म्हणून ओटी घेतली. नवरा जिवंत होता तेव्हा मी विधवेसारखी राहिले, आणि तो नाही हे कळल्यावर हिरव्या चुड्यात मिरवले. देवानं माझी अशी थट्टा का करावी ते मला समजत नाही. पार्बताबाई माझा हात धरून सगळ्यांना सांगत होत्या, आमच्या विहीणबाई. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता माझ्या तोंडून निघून जाईल.

वरात गेली. घरी आले, डोक्यावरून गार पाणी घेतलं, तेव्हा कुठं रडू आलं. इतकी वर्षं रडले नव्हते, कारण रडायला खरं काही नव्हतं. बांगड्या फोडल्या नाहीत, एकेक उतरवून ठेवल्या. पोरगी परतणीला माहेरी आली की तिला सांगेन, तीच सासरी सांगेल. रागावले तर रागावू देत, आता ती त्यांची आहे.

त्या प्रणालीबद्दल फार विचार केला. तिच्यावर राग धरावा म्हणून बसले, पण धरवेना. माझ्या नवऱ्याशी ती माझ्या भाषेत बोलायची. तिला लिही की ताईला तिचं नाव कळेल आणि त्यात तिचा काही दोष नाही. विमानाचा रंग तिच्या फोटोंवरून कर, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस.

आणि तिला विचार, शेवटी त्यांना फार त्रास झाला का, जवळ कोण होतं. मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझी आत्या